हॅमॉकमध्ये पाठीला गारठा लागतो: खालच्या बाजूला नेमकं काय लावावं?

माळरान

नमस्कार मंडळी. मी नाशिकची. पावसाळा संपल्यापासून तंबू घरी ठेवून हॅमॉकमध्ये, म्हणजे दोन झाडांमध्ये बांधायच्या कापडी झोळीत, झोपायला लागले आहे. ऑक्टोबरात फार छान झोप लागली. नोव्हेंबरच्या अखेरीस मात्र पहाटे तीनच्या सुमाराला पाठ आणि कंबर अशी गार पडली की पुढे डोळा लागला नाही. गंमत म्हणजे अंगावर स्लीपिंग बॅग होती आणि तिच्यावर पाच अंश कम्फर्ट (म्हणजे तेवढ्या थंडीपर्यंत आरामात झोप लागेल) असं लिहिलेलं आहे. छाती, पोट अगदी उबदार, फक्त खालची बाजू बर्फ.

जानेवारीत भंडारदऱ्याजवळच्या रतनवाडी-साम्रद भागात गावातल्या ओळखीच्यांच्या शेताच्या बांधावर मुक्काम करायचा बेत आहे. तिथे थंडीची लाट आली की पारा एक आकडी होतो. तर प्रश्न असा: आणखी जाड स्लीपिंग बॅग घेऊ, फोमची मॅट घेऊ, की ते हॅमॉकखाली टांगायचं पांघरूण, अंडरक्विल्ट म्हणतात ते मागवू? बाहेरून मागवायचं तर खर्च बराच दिसतोय. सामान पाठीवर न्यायचं आहे, त्यामुळे वजनाचाही विचार हवा.

सह्यभटक्या

ताई, जाड स्लीपिंग बॅग अजिबात घेऊ नका. पैसे वाया जातील.

स्लीपिंग बॅग ऊब देते ती आतल्या फुललेल्या भरावात अडकलेल्या हवेमुळे. तुमच्या अंगाखाली तो भराव चेपून पापडासारखा होतो. जमिनीवर हे जाणवत नाही, कारण तिथे खाली मॅट असतेच. बॅगेवर जो पाच अंशाचा आकडा छापलेला असतो, तो प्रयोगशाळेत गरम पुतळा मॅटवर झोपवूनच काढलेला असतो. म्हणजे त्या आकड्यात मॅट धरलेली आहे. हॅमॉकमध्ये मॅट नसेल तर तो आकडा तुमच्यासाठी निम्माच खरा.

त्यात, जमिनीवर झोपलं की खालून निदान वारा वाहत नाही. हॅमॉकखालून वारा सतत वाहतो आणि कापडातून तुमची ऊब घेऊन जातो. म्हणून वीस अंशाच्या आसपासही बऱ्याच जणांना खालून गार लागायला सुरुवात होते. तुम्हाला ऑक्टोबरात लागलं नाही ते रात्री तेवढ्या उबदार होत्या म्हणून.

आधी खालची बाजू. वरची सगळ्यात शेवटी.

उष्माघटक

सह्यभटक्या यांच्याशी सहमत. थोडा हिशोब मांडतो, म्हणजे कुठे खर्च करावा ते दिसेल.

झोपलेल्या माणसाच्या शरीरात साधारण ७० ते ८० वॅट उष्णता तयार होते. बाहेर ६ अंश आणि त्वचेचं तापमान ३३ धरलं तर फरक २७ अंशांचा. खालची बाजू साधारण अर्धा चौरस मीटर धरू. दबलेली स्लीपिंग बॅग चार मिलिमीटर जाडीची राहिली, तर तिच्यातून खाली जाणारी उष्णता १३५ वॅटच्या घरात येते. शरीर तयार करतं त्याच्या दीडपटीहून जास्त, आणि तेही फक्त पाठीकडून! अर्थात प्रत्यक्षात त्वचाच गार पडत जाते आणि गळती कमी होते, पण त्यालाच आपण थंडी वाजणं म्हणतो.

आता तिथे १० मिलिमीटरचा बंद पेशींचा फोम (ज्यात हवेचे बारीक बुडबुडे बंदिस्त असतात) ठेवा. गळती ४७ वॅटवर येते. दोन थर ठेवले तर २४ वॅट. बॅग, कापड वगैरेंचा वाटा यात धरलेला नाही, म्हणजे प्रत्यक्षात याहूनही बरं चित्र असेल.

मॅटवर आर-व्हॅल्यू लिहिलेली असते, ती म्हणजे उष्णता अडवण्याची हीच क्षमता. १० मिलिमीटर चांगल्या फोमची सुमारे १.६ भरते. थर वाढवले की आर-व्हॅल्यूंची सरळ बेरीज होते, हे फार कामाचं आहे. २०१८ साली एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने मॅटच्या मोजणीचं एक प्रमाण ठरवलं, त्यानंतर वेगवेगळ्या कंपन्यांच्या मॅटची तुलना करणं सोपं झालं. आपल्याकडच्या स्वस्त मॅटवर बहुतेक वेळा आकडा नसतोच. तेव्हा जाडी मोजा आणि बोटाने दाबून बघा. सहज चेपला जाणारा फोम तुमच्या कमरेखालीही चेपणार.

गडवेडा८८

एवढं सगळं करण्यापेक्षा तंबूच न्यावा की. थंडीत हॅमॉक कशाला?

माळरान

@गडवेडा८८, माझ्या कमरेला दगडाळ जमीन सोसत नाही. हॅमॉकमध्ये तिरपं झोपलं की पाठ सरळ राहते आणि सकाळी ताजंतवानं वाटतं. त्यासाठी थोडी खटपट करायची तयारी आहे.

@उष्माघटक, फार उपयोगी माहिती, धन्यवाद. हा बंद पेशींचा फोम मिळतो कुठे? योगा मॅट चालेल का?

सह्यभटक्या

योगा मॅट चालते, पण जड असते आणि त्या मानाने पातळ. त्यापेक्षा एसीच्या डक्टला आणि पत्र्याच्या शेडला आतून लावतात तो क्रॉसलिंक फोम घ्या. एक्सएलपीई म्हणून मागा. एका बाजूला चंदेरी फॉइल चिकटवलेला असतो, बिनफॉइलचाही मिळतो. १० मिलिमीटर जाडीचा, सहा फूट बाय दोन फुटांचा तुकडा जेमतेम तीन-साडेतीनशे ग्रॅम भरतो. पुण्यात बोहरी आळीत ताडपत्री आणि दोरखंडाच्या दुकानांतून फिरलात की असलं बरंच काही सापडतं. नाशिकला डक्टिंगचं काम करणाऱ्यांकडे विचारा, ते रोलमधून हवा तेवढा कापून देतात.

पॅकिंगला वापरतात तो पांढरा ईपीई फोम स्वस्त पडतो, पण लवकर बसतो. एक हिवाळा काढेल.

आता महत्त्वाचं. फोम हॅमॉकमध्ये कसा ठेवता यावर सगळं आहे. हॅमॉकची कापडं दोन्ही बाजूंनी खांद्याला आवळून धरतात. मॅट वीस इंचांची असेल तर पाठ उबदार आणि खांदे-दंड गार, कारण ते मॅटच्या बाहेर थेट कापडाला टेकलेले. म्हणून खांद्यापाशी आडवा तुकडा लागतो. मी मॅटच्या रुंदीपेक्षा बराच लांब, साधारण दीड फूट रुंदीचा तुकडा मुख्य मॅटखाली आडवा ठेवतो, वेल्क्रोच्या दोन पट्ट्यांनी अडकवतो. त्याचे दोन्ही कान वर वळून खांद्यांना लागतात. तेवढ्याने फार फरक पडतो.

आणि मॅट तिरपी ठेवा, तुम्ही जशा तिरप्या झोपता तशीच. वरची दोन टोकं गोल कापा, म्हणजे कापडात खुपत नाहीत. रात्री कूस बदलताना मॅट निसटते ही खरी कटकट. हॅमॉक दुहेरी कापडाचं असेल तर मॅट दोन कापडांच्या मध्ये सरकवा. एकेरी असेल तर मॅट स्लीपिंग बॅगेच्या आत घाला आणि तिच्यावर झोपा. हलायला जागाच राहत नाही.

हडसनकाठ

न्यू जर्सीहून लिहितोय. इथे ॲपलाचियन ट्रेल या लांब पायवाटेवर हॅमॉकवाले बरेच दिसतात, आणि ऑक्टोबर संपला की बहुतेकांच्या हॅमॉकखाली अंडरक्विल्ट लटकलेलं असतं. मीही बरीच वर्षं फोमवर काढली, आता उणे तापमानात अंडरक्विल्टच वापरतो. दोन्हींतला फरक सांगतो.

अंडरक्विल्ट हॅमॉकच्या बाहेर, खालून टांगतात. तुमचं वजन त्यावर येतच नाही, त्यामुळे भराव पूर्ण फुललेला राहतो. खांदेही आत येतात. घाम धरत नाही. फोमवर सकाळी पाठीकडे ओलसर लागतं, ते इथे होत नाही. आणि हॅमॉकचं मूळ सुख, म्हणजे अंगाला बरोबर बसणारं मऊ कापड, तसंच राहतं.

पण ते नीट टांगलं नाही तर हजारो रुपयांचं क्विल्ट फोमपेक्षा वाईट. नव्या लोकांचं इथेच चुकतं. क्विल्ट हॅमॉकच्या कापडाला हलकं टेकलेलं हवं. सैल राहिलं तर मध्ये हवेची पोकळी तयार होते आणि तिच्यातून गार वारा खेळत राहतो. फार ताणलं तर भराव दबतो आणि पुन्हा तेच. तपासायची पद्धत: तुम्ही नेहमीसारख्या तिरप्या झोपा आणि बरोबरच्या माणसाला हॅमॉक आणि क्विल्टच्या मध्ये हात घालायला सांगा. हात जाताना दोन्हींकडून हलका स्पर्श व्हायला हवा, मोकळी जागा नको. मग डोक्याकडची आणि पायाकडची नाडी आवळा, नाहीतर तापलेली हवा टोकांतून निघून जाते. हे सगळं आधी घरच्या गच्चीत करून बघा, अंधारात बांधावर नको.

पिसांचं की सिंथेटिक, हा पुढचा प्रश्न. पिसांचं हलकं आणि लहान घडी होणारं. पण ओलं झालं की फुगवटा जातो. इथल्या कोरड्या थंडीत ठीक. सह्याद्रीत पहाटे जे दव पडतं ते आठवून मी तिथे सिंथेटिकच सुचवेन. अंडरक्विल्ट टारपच्या (हॅमॉकवर छपरासारखं ताणतात त्या कापडाच्या) कडेजवळ असतं, दवाचा शिडकावा त्याच्यावर आधी येतो.

सुईदोरा

मी इचलकरंजीची, शिवणकाम हाच उद्योग. भाच्यासाठी दोन अंडरक्विल्टं शिवून दिली आहेत. घरी अगदी सहज होतं, बाहेरून मागवायची गरज नाही.

कापड: जॅकेटच्या अस्तराला वापरतात तो टफेटा किंवा हलकं रिपस्टॉप नायलॉन. छत्रीचं कापड घेऊ नका, त्याच्या मागच्या लेपामुळे ओल आत अडकते. भराव: रजईला आणि जॅकेटला घालतात ते पॉलिएस्टर वॅडिंग. ते जीएसएमवर, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम यावर, विकतात. तुमच्या थंडीला २०० जीएसएम पुरावं, आणखी गार जागी जाणार असाल तर १५०चे दोन थर. कापूस मात्र नको. जड होतो, ओल धरतो, वाळत नाही.

माप चार फूट रुंद. लांबी खांद्यापासून पोटरीपर्यंत सव्वाचार-साडेचार फूट ठेवलीत तर वजन बरंच वाचतं.

आता शिवण. रजईला जसे मधून धावदोरे घालतो तसे इथे घालायचे नाहीत. जिथे टाका पडतो तिथे वॅडिंग दबतं आणि तेवढी रेघ गार लागते. वॅडिंग फक्त चारी कडांना पकडायचं. चांगल्या प्रतीचं वॅडिंग असेल तर मधून सुटत नाही, हाताने ओढून बघून घ्या, तंतू लगेच निघत असतील तर ते घेऊ नका.

दुसरं, आतलं कापड आणि बाहेरचं कापड एकाच मापाचं ठेवू नका. क्विल्ट गोलाकार लटकतं, म्हणजे बाहेरचा घेर मोठा असतो. बाहेरचं कापड रुंदीला चार-पाच इंच जास्त घ्या, नाहीतर बाहेरचं कापड ताणून भराव चेपेल. डोक्याच्या आणि पायाच्या कडेला ब्लाऊजला घालतो तसे दोन-दोन टक्स घाला. त्याने खोलगट आकार येतो आणि टोकं हॅमॉकला घट्ट बसतात.

लांब कडांना नेफा करून त्यातून चार मिलिमीटरची इलॅस्टिक दोरी ओवायची, तिची टोकं हॅमॉकच्या दोन्ही टोकांना अडकवायची. आखूड कडांच्या नेफ्यात बारीक नाडी आणि अडकवायला ती प्लॅस्टिकची दाबाची गोळी. झालं. शिवणयंत्र चालवता येणाऱ्या माणसाचं एका दुपारचं काम आहे.

गडवेडा८८

सुईदोरा ताई, जबरदस्त प्रतिसाद! यावर वेगळा धागा काढाच, फोटोंसह. माझा तंबूचा हट्ट जरा सैल होतोय.

आईने जुन्या लुगड्यांची केलेली गोधडी खालून टांगली तर?

सुईदोरा

गोधडी टांगता येईल, पण तिच्यात फुगवटा नाही. थरावर थर, आणि सगळीकडे घट्ट धावदोरा. वारा अडवेल, ऊब फार धरणार नाही, आणि दवाने भिजली की दोन दिवस वाळायची नाही. गाडीने जाणार असाल तर गोधडी आत, फोमच्या वर अंथरा. अंगाला सुती स्पर्श मिळतो आणि फोमवर घाम येतो तो शोषला जातो. आईच्या हातची वस्तू उन्हापावसात बाहेर टांगू नका, एवढं ऐका.

कऱ्हाकाठ

घोंगडीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. आमच्याकडे मेंढपाळ डिसेंबरात उघड्या माळावर घोंगडीवर झोपतात. लोकर दबली तरी कापसाइतकी सपाट होत नाही आणि दमट झाली तरी गार पडत नाही. चांगल्या विणीच्या घोंगडीतून वाराही लवकर शिरत नाही. वजन आहे, त्यामुळे पाठीवर नेणाऱ्यांसाठी नाही, पण गाडीतळापाशी मुक्काम असेल तर फोमवर घोंगडी हा उत्तम उपाय आहे.

माळरान

घोंगडी घरात आहे, हे सुचलंच नव्हतं! पण रतनवाडीला चालत उतरायचा विचार आहे, तेव्हा या वेळी नाही नेता येणार.

आणखी एक. माझ्याकडे एक जुनी आयताकृती, पूर्ण उघडणारी स्लीपिंग बॅग पडून आहे. तीच खालून टांगली तर चालेल का? आणि गाडीच्या काचेला लावायचा चंदेरी पडदा काही जण वापरतात, त्याने फरक पडतो?

हडसनकाठ

जुनी बॅग नक्की चालेल. पूर्ण उघडा, चारी कोपऱ्यांत छोटा गोल दगड किंवा गोटी कापडात धरून दोरीची गाठ मारा, म्हणजे कापड न फाडता लूप मिळतो. त्यातून इलॅस्टिक दोरी. वर सांगितलेली हात घालायची तपासणी करा. बॅग सपाट शिवलेली असल्याने टोकांना पोकळी राहील, तिथे दोन-दोन सेफ्टी पिना लावून चुणी घाला. सुईदोरा यांचे टक्स तात्पुरते झाले असं समजा.

दुसरा प्रकार म्हणजे पायाकडे वेगळी चेन असलेली बॅग. पायाकडची चेन थोडी उघडून हॅमॉकचं ते टोक बाहेर काढायचं आणि बॅग पूर्ण हॅमॉकभोवती गुंडाळायची, शेंगेत दाणा असतो तसं. खालचा भरावही दबत नाही, वरचंही पांघरूण मिळतं. आत शिरायला थोडी कसरत लागते, पण ऊब छान.

उष्माघटक

चंदेरी पडद्याबद्दल. त्यात बुडबुड्यांचा जो थर असतो तो थोडीफार ऊब देतो, फॉइलचा उपयोग त्या मानाने कमी, कारण अंगाला चिकटलेल्या जागी उष्णता स्पर्शातून जाते आणि चकाकीला काही करता येत नाही. शिवाय फॉइल वाफ अडवते. त्यावर थेट झोपलात तर सकाळी पाठ ओली. फोमखाली जादा थर म्हणून घ्यायला हरकत नाही.

जागेबद्दल कुणी लिहिलं नाही, ते लिहितो, कारण त्याने फुकटात दोन-चार अंश मिळतात. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री गार हवा जड होऊन उतारावरून खाली वाहते आणि खोलगट भागात साठते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठावर आणि लिंगमळ्याला दव गोठल्याच्या बातम्या दर काही वर्षांनी येतात, गावात मात्र तितकं गार नसतं, त्याचं कारण हेच. निफाडचा पारा राज्यात तळाला जातो तेही सपाट, मोकळ्या प्रदेशात. तेव्हा साम्रदला ओढ्याकाठची छान दिसणारी जागा सोडा आणि वीस-तीस मीटर वर चढून झाडीतली जागा बघा. डोक्यावर फांद्यांचं छत असेल तर अंगातली उष्णता थेट आकाशात जात नाही, दवही कमी पडतं. पाऊस नसला तरी टारप बांधा, त्याच कारणासाठी.

फक्त उघड्या धारेवर नको. तिथे गार हवा साठत नाही, पण वारा सगळं काढून घेतो.

सह्यभटक्या

टारप वाऱ्याच्या बाजूने अगदी खाली, हॅमॉकच्या तळाच्याही खाली येईल असा बांधा. वारा अडला की निम्मं काम झालं. दोरीवर एक सुती चिंधी गाठ मारून सोडा, म्हणजे दवाचं पाणी दोरीवरून ओघळत हॅमॉकपर्यंत न येता तिथेच गळतं.

झाडांचं सांगतो. आंबा, जांभूळ, हिरडा चांगले. शेवगा चुकूनही नको, तो कधी मोडेल सांगता येत नाही. पांगारा आणि काटेसावर काट्यांमुळे बाद. वर आग्यामोहोळ आहे का ते उजेडात बघून घ्या. पट्ट्या निदान दीड-दोन इंच रुंद वापरा, बारीक दोरीने साल कापली जाते. गावकऱ्यांची फळझाडं असतील तर आधी विचारा.

तो सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे. गावाच्या हद्दीबाहेर मुक्काम करायचा तर वनखात्याची परवानगी लागते, आणि शेकोटी करू नका. गवत वाळलेलं असतं त्या दिवसांत.

कोकणी_चाकरमानी

आमच्या दापोलीकडे ही चिंता नाही, पण एक फायदा सांगतो: डास एकेरी हॅमॉकच्या कापडातून खालून चावतात. पातळ फोम असला की तेही थांबतं. त्यामुळे मी उन्हाळ्यातही एक थर ठेवतोच.

माळरान

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं नेमकं उत्तर कुठेच सापडलं नव्हतं.

ठरवलं ते असं: १० मिलिमीटरचा फोम घेते, खांद्याला आडव्या तुकड्यासह. जुनी बॅग खालून टांगून घरच्या आंब्याला या आठवड्यात एक रात्र झोपून बघते. पाच अंशाची बॅग चेन उघडून नुसती वरून पांघरूण म्हणून घेईन. तिचा खालचा भाग तसाही दबूनच जाणार. दोन्ही एकत्र, म्हणजे आत फोम आणि बाहेर बॅग, असं वापरलं तर काही अडचण?

सुईदोरा ताई, उन्हाळ्यात तुमच्या मापाने अंडरक्विल्ट शिवायला घेईन. साडेचार फूट लांबी ठेवली तर पायांचं काय करायचं?

सुईदोरा

पायांखाली फोमचा तुकडा. त्या सहा फुटी मॅटमधून खांद्याचा आडवा तुकडा काढू नकोस, वेगळा घे. क्विल्ट झालं की मॅटमधला दीड फुटाचा तुकडा कापून पोटऱ्यांखाली ठेवायचा. बसायलाही तोच होतो.

सह्यभटक्या

दोन्ही एकत्र चालेल, उलट रतनवाडीला तेच करा. फक्त फोम आत घातला की हॅमॉकचा आकार बदलतो, तळ सपाट आणि कडा कडक होतात. म्हणून आधी फोम घालून झोपा आणि मग बाहेरच्या बॅगेच्या दोऱ्या ताणा. उलट क्रमाने केलंत तर कडेला पोकळी राहील. पहाटे गार लागलंच तर फोम न हलवता आधी त्या दोऱ्या तपासा, इलॅस्टिक थंडीत थोडं सैल पडतं.